तीळ नाहीत ना?

आम्ही चौघं अंबडच्या एका कंपनीत एकाच मजल्यावर बसायचो. खाली मशिनी चालायच्या आणि वर काचेच्या भिंतीआड आमची टेबलं. मी क्वालिटीत. माझ्या समोर स्टोअर सांभाळणारी माझी मैत्रीण. दाराजवळ डिस्पॅचचे भाऊ. ते दिंडोरीकडचे, सगळी कंपनी त्यांना भाऊच म्हणायची. आणि कोपऱ्यात ताई, आमच्यात वयाने मोठ्या, सेफ्टीचं काम बघणाऱ्या. महिन्यातून एका शनिवारी चौघांनी मिळून बाहेर जेवायचं, अशी आमची पद्धत पडून गेली होती. ज्याची पाळी त्याने हॉटेल निवडायचं, आणि दर वेळी वेगळ्या मुलखाचं. भाऊंनी मालवणी मासे खाऊ घातले, ताईंनी सावजी रस्सा, मैत्रिणीने आंध्राची थाळी. मग माझी पाळी आली.

मी जळगावकडची. नाशकात संसार करून पंधरा वर्षं झाली, पण जेवणाच्या बाबतीत मी अजून माहेरचीच आहे. इथे शेवभाजी म्हणून जे वाढतात त्यावर मी ऑफिसात इतकं बोलत असे, की पाथर्डी फाट्याच्या बाजूला एक खानदेशी भोजनालय सुरू झाल्याचं कळल्यावर भाऊ म्हणाले, "आता तुमची परीक्षा. एवढं ऐकवलंय, आता खाऊन दाखवा."

मी आधी एकटी जाऊन जेवून आले. रस्सा तोंडात घेतला आणि आईच्या स्वयंपाकघरात उभी असल्यासारखं वाटलं. तेव्हापासून त्या शनिवारपर्यंत मी दुसरं काही बोललेच नाही म्हटलं तरी चालेल.

मैत्रिणीबद्दल थोडं सांगायला हवं. ती नाशिकरोडला आईबरोबर राहते. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते, ते गेल्यावर या दोघीच. कमी बोलणारी, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली. संक्रांतीला ऑफिसात तिळगूळ वाटला जायचा, तेव्हा ती हात पुढे करून घ्यायची, कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवायची आणि लगेच हात धुवायला जायची. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "मला तीळ चालत नाहीत."

आपल्याकडे 'चालत नाही' हे कशालाही म्हणतात. कुणाला पित्तामुळे चालत नाही, कुणी देवाला सोडलेलं असतं, कुणाला नुसतंच आवडत नसतं. मला स्वतःला वांगं खाल्लं की तोंडात खाज येते, तरी मी भरीत खातेच. तेव्हा तिच्या त्या वाक्याचं मी काही विशेष मनावर घेतलं नाही. तिनेही पुढे काही सांगितलं नाही.

शनिवारी संध्याकाळी सातलाच आम्ही पोचलो. भोजनालय नुकतंच उघडलं होतं, आमच्याशिवाय दोनच टेबलं भरलेली. पन्नाशीचा, पांढऱ्या शर्टातला एक वेटर आला. बोलण्यावरून आमच्याकडचाच वाटला. मी मेन्यूकार्ड उघडलंसुद्धा नाही. शेवभाजी, भरीत, डुबुक वडे, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, असं एका दमात सांगितलं.

मैत्रीण त्याला म्हणाली, "या रश्श्यात तीळ नाहीत ना?"

वेटर थांबला. "मसाला आत तयार होतो, मॅडम. विचारून सांगतो."

तो वळलाही होता. आणि मी म्हणाले, "अहो, विचारायची काही गरज नाही. काळा मसाला आहे. खोबरं, कांदा, मिरची, धने. तीळ कुठून येणार? मी घरी करते, मला माहीत आहे."

वेटरने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती म्हणाली, "नक्की ना गं?"

"अगं, नक्की."

मी घरी करत नाही. मसाला माझी आई करते आणि दर उन्हाळ्यात बरणी भरून पाठवते. तो भाजताना, कुटताना मी लहानपणी बघितलेला, तोही लांबून, कारण मिरचीचा ठसका यायचा. पण त्या टेबलावर मी खानदेशची मालकीण होते. आणि वेटर आत जाऊन काहीतरी विचारून येणार, याचा मला जरासा रागच आला होता. हे मी आज लिहू शकते. तेव्हा कळलंही नव्हतं.

जेवण आलं. रश्श्यावर तेलाचा लाल तवंग, त्यात बुडणारी जाड शेव. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी त्यांच्या. भाऊंनी पहिला घास घेतला आणि मान डोलावली. ताईंनी नाक पुसत दुसरी वाटी मागितली. मैत्रीणही खात होती. पाच-सहा घास झाले असतील.

भाऊ द्राक्षाच्या छाटणीचं काहीतरी सांगत होते. माझं लक्ष मैत्रिणीच्या हाताकडे गेलं. ती डाव्या हाताचा तळवा टेबलाच्या कडेवर घासत होती. पुन्हा पुन्हा, जोरात. मग तिने घसा खाकरला, पाणी प्यायलं, परत खाकरला.

"तिखट लागलं का?" भाऊ हसले. "खानदेश आहे, बाई."

तीही हसली. ओठ जरा जाड दिसले मला. वाटलं, तिखटानेच. "हात धुऊन येते," म्हणून ती उठली आणि मागच्या बाजूला गेली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. चार मिनिटं असतील. भाऊंची गोष्ट संपली, ताईंनी ताक मागवलं. तिची खुर्ची रिकामी होती आणि ताटातली भाकरी अर्धी. मी उठले.

मागे बेसिनपाशी कुणी नव्हतं. नळ मात्र चालू होता. बाजूच्या बाथरूमचं दार आतून बंद. मी टकटक केलं. "अगं, बरं वाटतंय ना?"

आतून खोकल्याचा आवाज आला. नेहमीचा खोकला नव्हता तो. कुत्रं भुंकल्यासारखा, कोरडा. मग श्वास ओढल्याचा आवाज, लांब, शिट्टीसारखा.

"दार उघड."

"मला..." ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता. कुणीतरी गळा धरून ठेवल्यासारखा. "मला श्वास..."

मग काहीतरी दारावर आदळलं आणि घसरत खाली गेलं. मी दार ढकललं, तर ते कडीवर तेवढंच हललं. मी तिला हाका मारल्या. आतून उत्तर आलं नाही. माझे हातपाय गार पडले. लोक असं म्हणतात तेव्हा मला ते बोलण्याची रीत वाटायची, पण खरंच बोटांतली ऊब गेली होती. मी पळत बाहेर गेले की तिथेच उभी राहून ओरडले, मला आठवत नाही. भाऊ म्हणतात, मी ओरडले.

तो वेटर सगळ्यांच्या आधी पोचला. त्याने दाराची फट बघितली, तो स्वयंपाकघरात पळाला आणि भाकरी उलटायचा लांब, चपटा कलथा घेऊन आला. फटीतून तो घालून त्याने कडी वर उचलायचा प्रयत्न केला. दोनदा सटकली. तिसऱ्यांदा कडी पडली. दार उघडेना, कारण ती दाराला टेकून पडली होती. भाऊंनी हळूहळू लोटलं आणि ताई त्या फटीतून आत शिरल्या.

तिला बाहेर आणलं तेव्हा मी ओळखलं नसतं. डोळे सुजून मिटलेले. ओठ, गाल, मान, सगळीकडे लाल चकंदळं. ती श्वास घेत होती, पण प्रत्येक श्वासाला गळ्याखालची कातडी आत खेचली जात होती. मी पाण्याचा ग्लास घेऊन वाकले, तर ताईंनी माझा हात बाजूला सारला. "पाणी नाही. काही देऊ नका तोंडात. हे ॲलर्जीचं आहे. हिने काय खाल्लं?"

वेटर म्हणाला, "तीळ. मी आत विचारलं आत्ता. मसाल्यात तीळ आहेत."

तो माझ्याकडे बघत नव्हता. बघायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

भाऊंची गाडी पार्किंगमध्ये दुसऱ्या गाडीमागे अडकली होती. ते तिकडे धावले, तोवर वेटरने रस्त्यावरून रिक्षा थांबवून दारात आणली. "फाट्यापलीकडच्या गल्लीत दवाखाना आहे," तो म्हणाला. "बाळंतपणाचा आहे, पण डॉक्टर वरच राहतात." ताईंनी आणि मी तिला मागच्या सीटवर घेतलं, वेटर रिक्षावाल्याशेजारी अर्धा बाहेर बसला. कमरेला अजून ॲप्रन.

तो रस्ता चालत गेलं तरी सात-आठ मिनिटांचा. त्या दिवशी फाट्यावर कंपन्यांच्या बसेस सुटल्या होत्या. समोर एक बस, बाजूला टँकर, मागे हॉर्न. वेटर खाली उतरून बसच्या ड्रायव्हरशी हात जोडून बोलत होता. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. श्वासाची शिट्टी आधी मोठी होती, मग बारीक झाली. मला वाटलं, कमी होतंय म्हणजे बरं होतंय. मी तसं म्हणालेसुद्धा. ताई म्हणाल्या, "नाही. आवाज कमी होणं चांगलं नाही." मग त्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं, "दादा, उलट्या बाजूने घाला. काय व्हायचं ते माझ्या नावावर."

तिने माझं मनगट धरलं होतं. पकड सैल व्हायला लागली. मी तिची बोटं माझ्या बोटांनी दाबून धरली. नुसतं मनात एकच चाललं होतं, की मी नक्की म्हणाले. तिने विचारलं होतं आणि मी नक्की म्हणाले.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर दोन गरोदर बाया नातेवाइकांबरोबर बसल्या होत्या. त्या उठून भिंतीला चिकटल्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "हे मॅटर्निटी आहे," आणि पुढचं बोलायच्या आत मैत्रिणीचा चेहरा बघून आत धावली. डॉक्टर जिन्यावरून उतरत आल्या. घरातला ड्रेस, ओले केस. त्यांनी तिच्याकडे एकदाच बघितलं आणि नर्सला म्हणाल्या, "अॅड्रेनलिन भर. ऑक्सिजन." मला विचारलं, "कशाने?"

"तीळ."

"किती वेळ झाला?"

"वीस मिनिटं. पंचवीस."

त्यांनी कपड्यावरूनच तिच्या मांडीत इंजेक्शन दिलं. तिला प्रसूतीच्या टेबलावर निजवलं, पाय उंच केले, तोंडावर मास्क लावला. मी दारातून बघत होते. पलीकडच्या खोलीत तान्हं बाळ रडत होतं, अगदी जोरात, भरल्या फुफ्फुसांनी. मला ते ऐकवेना आणि ते थांबू नये असंही वाटत होतं.

पाच मिनिटांनी डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन दिलं. त्यानंतर कधीतरी तिचा श्वास मला ऐकू यायचा बंद झाला, आणि मी आत शिरले, तर डॉक्टर म्हणाल्या, "घाबरू नका. मोकळा झालाय म्हणून आवाज येत नाही. बघा." तिची छाती वर-खाली होत होती. वेटर बाहेर कठड्याला धरून उभा होता. ताईंनी त्याला सांगितलं तेव्हा तो तिथेच खाली बसला.

तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. तिची पर्स माझ्याकडे होती, फोन कधी हातात घेतला होता कळलं नव्हतं. स्क्रीनवर 'आई'. मी ताईंकडे बघितलं. ताई म्हणाल्या, "तुम्हीच उचला. तुम्ही मैत्रीण आहात."

"काकू, मी बोलतेय. तिच्या ऑफिसातली."

त्या म्हणाल्या, "तीळ पोटात गेले का?"

मी काही सांगितलंच नव्हतं. नुसता माझा आवाज ऐकून त्यांनी विचारलं. मी कसंबसं हो म्हणाले, इंजेक्शन दिलंय, श्वास चालू आहे, असं सगळं एकदम सांगितलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या डॉक्टरांना सांग, दोन-तीन तासांनी परत होतं. शाळेत असताना परत झालं होतं. घरी सोडू देऊ नको. मी निघते."

डॉक्टरही तेच म्हणाल्या. तिला मोठ्या हॉस्पिटलात ठेवायला हवं होतं. अॅम्ब्युलन्स आली, तोवर भाऊही गाडी घेऊन पोचले होते. वेटर म्हणाला, "मी जातो, हॉटेलात माणूस कमी आहे." मी त्याला काहीतरी बोलायला हवं होतं. मी नुसती मान हलवली. तो चालत गेला.

मोठ्या हॉस्पिटलात तिला शुद्ध चांगली आली होती. सूज उतरत होती. तिने माझ्याकडे बघून हात हलवला आणि बसक्या आवाजात विचारलं, "तुमचं जेवण राहिलं ना?" भाऊ वळून खिडकीकडे गेले. मी तिच्या पायावरची चादर सारखी करत राहिले. वाटलं, सुटलो.

काकू आल्या. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी लेकीच्या कपाळावर हात ठेवला, मग घड्याळ बघितलं आणि त्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसल्या. लेकीच्या चेहऱ्याकडे आणि घड्याळाकडे, एवढंच बघत होत्या. माझ्या लक्षात आलं की त्या परत होण्याची वाट बघताहेत.

आणि ते झालं. ती काहीतरी सांगत होती, शब्द मधेच अडकला. तिने तळवा चादरीवर घासला. काकू उठून उभ्या राहिल्या आणि अगदी साध्या आवाजात नर्सला म्हणाल्या, "सुरू झालं." मशीनचा आवाज बदलला. डॉक्टर, नर्स, सगळे पलंगाभोवती. आम्हाला बाहेर काढलं आणि पडदा ओढला. पहिल्या वेळी मला काय चाललंय ते कळत नव्हतं. या वेळी कळत होतं, त्यामुळे ते जास्त वाईट होतं. पडद्याखालून डॉक्टरांचे बूट दिसत होते. ते किती भराभर हलतात यावरून मी अंदाज करत होते. काकू भिंतीला हात टेकून उभ्या. त्यांना धरायला मी पुढे झाले आणि थांबले. मी धरावं की नाही, हेच मला समजेना.

बूट थांबले. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, आटोक्यात आहे, दोन दिवस ठेवू.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी येऊन मी माहेरी फोन लावला. आई अहिराणीतच बोलते. मी विचारलं, आपल्या काळ्या मसाल्यात तीळ असतात का.

"शेतस ना," आई म्हणाली. "तीय बिगर मसाला कसा व्हई?" तिळाशिवाय मसाला होणारच कसा, असं तिचं म्हणणं. मग म्हणाली, "का वं, काय झायं?"

मी काही नाही म्हणून फोन ठेवला. ओट्यावर तिची बरणी होती. मी झाकण उघडून वास घेतला. वास तोच होता, चाळीस वर्षांचा ओळखीचा. मला भडभडून उलटी झाली.

दोन दिवसांनी तिला सोडलं. मी नाशिकरोडला त्यांच्या घरी गेले. जाताना रस्ताभर पाय मागे ओढत होते. मैत्रीण दिवाणावर उशीला टेकून बसली होती. चेहरा पुन्हा तिचा झाला होता, फक्त डोळ्यांखाली काळं. काकूंनी चहा आणला आणि त्या वेताच्या मोड्यावर बसल्या. थोडं इकडचं-तिकडचं झालं. मग त्यांनी विचारलं, "ही नेहमी विचारून खाते. त्या दिवशी नाही म्हणून कुणी सांगितलं?"

मी कप खाली ठेवला. मी तोंड उघडायच्या आत मैत्रीण म्हणाली, "वेटरने सांगितलं, आई. त्याची काय चूक, त्याला काय माहीत."

ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने मला वाचवलं होतं आणि मी गप्प बसून ते घेऊ शकत होते. खरं सांगते, दोन-तीन क्षण मी ते घेतलं. मग मला तो माणूस दिसला, ॲप्रन बांधलेला, बसच्या ड्रायव्हरपुढे हात जोडणारा.

"वेटर आत जाऊन विचारणार होता," मी म्हणाले. "मी त्याला थांबवलं. मला माहीत आहे म्हणाले. मला काहीच माहीत नव्हतं, काकू. मी मसाला कधी केलेलाच नाही."

मैत्रिणीने डोळे मिटले. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मला वाटलं, आता त्या मला उठायला सांगतील. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या उठल्या आणि आत गेल्या. आतून डबे सरकवल्याचा आवाज आला. मैत्रीण हळू आवाजात म्हणाली, "कशाला सांगितलंस? तिला रात्र रात्र झोप येत नाही."

"तुला माहीत होतं, मला काही येत नाही म्हणून?"

"तिथे नाही. हॉस्पिटलात कळलं. तुझ्या तोंडावरून."

"मग रागावत का नाहीस?"

तिने उशी पाठीशी सारखी केली. "रागावले होते," ती म्हणाली. "त्या बाथरूममध्ये. खूप. मग माझी शक्ती संपली."

काकू एक प्लास्टिकचा डबा आणि दोन संत्री घेऊन बाहेर आल्या. डब्यात काचेच्या छोट्या बाटल्या होत्या, सिरिंजा, कापूस. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं ते इंजेक्शन. त्यांनी काकूंना आणि हिला भरून कसं द्यायचं ते शिकवलं होतं.

"मला त्या सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत," काकू म्हणाल्या. "आणि माझा हात कापतो. ही स्वतःला देऊ शकेल तोवर ठीक. पण त्या वेळी हिच्या अंगात काय राहतं, ते तू पाहिलंस." त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. "दिवसाचे नऊ तास ही तुझ्यासमोर बसते. शिक."

मी म्हणाले, "मला भीती वाटते, काकू."

"वाटू दे. मला वाटत नाही का? चौतीस वर्षं वाटतेय. हात धू आणि ये."

सरावासाठी तशाच सीलबंद, पण नुसत्या पाण्याच्या बाटल्या आणलेल्या होत्या. पहिल्यांदा बाटलीची मान तोडताना काच अंगठ्यात गेली. दुसऱ्यांदा पाणी जास्त ओढलं गेलं, काकूंनी परत करायला लावलं. मैत्रीण दिवाणावरून रेघ सांगत होती, "अर्ध्यावर थांब. अजून खाली. हां." मी संत्र्यात सुई खुपसली, तर ती तिरकी गेली आणि रस मनगटावरून ओघळला. दुसऱ्या संत्र्यात सरळ गेली. काकूंनी ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाल्या, "परत."

पुढच्या आठवड्यात मी त्या भोजनालयात गेले. त्या वेटरला जे सांगायचं होतं ते सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मॅडम, मीपण थांबायला नको होतं. तुम्ही काहीही म्हणालात तरी मी आत जाऊन विचारायला हवं होतं." त्यालाही रात्री झोप लागत नव्हती, असं त्याने सांगितलं नाही, पण दिसत होतं.

शनिवारचं जेवण आमचं तीन महिने बंद होतं. तिनेच परत सुरू केलं. आता हॉटेल कुठलंही असो, आम्ही चौघं आधी आत जाऊन स्वयंपाक्याशी बोलतो. ताई त्याला नीट समजावून सांगतात, तीळ चालत नाहीत असं म्हणत नाहीत, तीळ गेले तर ही मरेल, असं म्हणतात. डबा माझ्या पर्समध्ये असतो. ती पहिला घास घेते, आणि पुढची दहा मिनिटं मी काय खाते ते मला कळत नाही. तिचे ओठ, तिचे तळवे, तिचा आवाज, एवढ्यावरच माझं लक्ष असतं. भाऊ काहीतरी सांगत असतात, मी हसते, पण ऐकलेलं नसतं.

मागच्या शनिवारी तिने चमचा खाली ठेवला आणि माझ्या ताटाकडे बोट दाखवलं. "तुझं गार झालं," ती म्हणाली. "जेव आता."

मी जेवले. पण पर्सची चेन उघडीच ठेवली होती.